मोज्याचा वळ

दुपारी ऑफिसातून लवकर आले, मोजे काढले आणि बघते तर डाव्या पायावर इलॅस्टिकचा हा एवढा खोल वळ. उजव्यावर जेमतेम रेघ. म्हणजे सूज आहेच अजून.

जुलैत जिना उतरताना पायऱ्या संपल्या असं समजून पाऊल टाकलं, एक पायरी बाकी होती, पाय आत वळला आणि घोट्यात कट्‌कन वाजलं. एक्सरेत हाड शाबूत, लिगामेंट ताणलंय, 6 आठवडे लागतील म्हणाले. आता डिसेंबर चाललाय. सकाळी घोटा अगदी शहाण्यासारखा, हाडबिड दिसतं, संध्याकाळपर्यंत त्याचा बटाटेवडा होतो. परवा परत दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, चालताना पोटऱ्या पाणी वर ढकलतात, तुम्ही दिवसभर खुर्चीत, ढकलणार कोण? मग विचारलं, दोन्ही पाय सुजतात का? म्हटलं नाही, एकच. मग ठीक आहे, दोन्ही असते तर हार्ट, किडनी सगळं बघायला लागलं असतं.

शेजारच्या काकूंचं मत असं की हाडच मोडायला हवं होतं, एकदाचं जुळून तरी आलं असतं.

साताऱ्याला आजी असती तर हे सगळं झालंच नसतं, तिने सहाणेवर आंबेहळद उगाळली असती, तुरटी घालून लोखंडी पळीत कढवली असती आणि "सोसवतंय का गं" असं लावून झाल्यावर विचारलं असतं. लेप वाळला की कातडी अशी ओढली जायची की ठणका विसरायला व्हायचं. सकाळी चादरभर पिवळे पोपडे आणि त्यावरून आईची बोलणी, तीही आजीला नाही, मला.

मला एक वाईट खोड लागलीय, सुजेवर अंगठा दाबायचा आणि खळगा भरेपर्यंत आकडे मोजायचे. आज 11 झाले. मोजता मोजता आठवलं, ही खोड आत्ताची नाहीच. आजी संध्याकाळी ओसरीवर पाय पसरून बसायची, आम्ही तिच्या नडगीवर अंगठ्याने खळगे पाडायचो आणि त्यात चिंचोके ठेवायचो, ज्याचा जास्त वेळ टिकेल तो जिंकला. ती हसायची, "मेल्यांनो, गुदगुल्या होतात."

भांडण नको म्हणून एक पाय मला वाटून दिलेला, एक दादाला.