आमच्या घरातली अहिल्या

बहिणीच्या मुलीचं बारसं पुढच्या रविवारी आहे, आणि मी ‘अहिल्या’ या नावासाठी अडून बसले आहे. आजीचंच नाव ते. तिला सगळी गल्ली ‘आयला’ म्हणायची. माझ्या वर्गात मात्र या नावाची एकही मुलगी नव्हती. स्वाती, वैशाली, अश्विनी यांचीच गर्दी होती.

भावजींची शंका अशी, की अहल्या म्हणजे शापाने शिळा झालेली गौतमांची पत्नी, असं नाव कशाला? पण पहाटे म्हटल्या जाणाऱ्या पंचकन्यांच्या श्लोकात पहिलं नाव तिचंच येतं. ‘हल’ म्हणजे नांगर. म्हणून अहल्या म्हणजे न नांगरलेली भूमी. ‘जिच्यात कुरूपता नाही ती’ असाही अर्थ लावतात. मला जमिनीचाच आवडतो.

आपल्याकडे हे नाव ऐकलं की आधी आठवतात त्या चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर. महेश्वरला त्यांनी विणकरांना आसरा दिला. मागावर वाढलेल्या सोलापूरकराला याचं मोल वेगळं सांगायला नको! पंढरपुरात चंद्रभागेकाठी होळकर वाडा आहेच. 2019 साली आपल्या सोलापूर विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पाट्यांवर, प्रमाणपत्रांवर ते रोज दिसतं. पाळण्यात मात्र अजून कियारा आणि अन्वीच जास्त.

बहीण तयार आहे. भावजींना काल पंचकन्यांचा श्लोक पाठवलाय.