नेव्हीत आहेस, मग जहाज कुठाय?

रत्नागिरीला फोन केला की काकांचा हा प्रश्न ठरलेला. इथे मंडळाच्या गणपतीतही कुणी ना कुणी तोच विचारतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मी अमेरिकन नौदलाच्या सिव्हिल इंजिनिअर कोअरमध्ये लेफ्टनंट आहे, आणि सात वर्षांत बोटीवर काढलेल्या रात्री एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

जहाज समुद्रात असतं तोवर ते दुसऱ्यांचं. किनाऱ्याला लागलं की धक्का, वीज, पाणी, गोदी, बराकी, रस्ते हे सगळं आमच्याकडे. तळावरच्या आमच्या ऑफिसचं नावच मुळी पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट. काका शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. हे ऐकल्यावर जाम खूश. "म्हणजे पीडब्ल्यूडीच की गं! त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस?"

यायला लागतं मात्र इंजिनिअरिंगची पदवी घेऊन. आधी ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला तेरा आठवडे अधिकारी होण्याचं शिक्षण, म्हणजे पहाटेची धावपळ आणि आरडाओरडा. मग कॅलिफोर्नियात पोर्ट ह्युनीमीला आमची स्वतःची शाळा. तिथे बंदुकीपेक्षा कंत्राटाचे कायदे जास्त शिकवतात, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त कामाला येतात. पुढे सरकारी पैसा कंत्राटात गुंतवायचा अधिकार मिळतो. त्या कागदाला वॉरंट म्हणतात. "मला वॉरंट मिळालं" हे ऐकून काकूंनी देव पाण्यात ठेवले होते.

दुसरी बाजू सीबीजची, म्हणजे लढाऊ बांधकाम बटालियन. १९४२मध्ये, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर लगेच उभ्या राहिल्या. सुतार, गवंडी, प्लंबर, डोझर चालवणारे, आणि वेळ आलीच तर सगळेच बंदूकवाले. या बटालियन बायकांना खुल्या व्हायला १९९४ उजाडलं. २०१२मध्ये कोअरच्या प्रमुखपदी केट ग्रेगरी आल्या, कोअरमधल्या पहिल्या महिला अॅडमिरल. त्यामुळे माझ्या वाट्याला दार फोडायचं काम आलं नाही. दार उघडंच होतं, आत जागा करून घ्यायची होती.

ती कशी, ते ऐका. पहिल्याच पोस्टिंगला एका स्लॅबचं काम होतं. ऊन मी म्हणत होतं. काँक्रीट मिक्सरचा ट्रक आला आणि ड्रायव्हरनं येताच पाइप उचलून ड्रममध्ये पाणी सोडायला सुरुवात केली. मी तिकीट मागितलं, म्हणजे माल कधी भरला ते लिहिलेली पावती. माल भरल्याला दीड तास होऊन गेला होता. स्लंप घेतला, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते शंकूच्या साच्यात भरून तपासलं, तर शंकू उचलताच सगळं पसरलं, ताटात पिठलं पसरावं तसं. मी म्हटलं, ट्रक परत न्या. मुकादमानं माझ्या डोक्यावरून मागच्या पुरुष सहकाऱ्याकडे पाहिलं. तो वहीत डोकं घालून उभा. ठेकेदाराच्या माणसानं थेट माझ्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी मला एवढंच विचारलं, "तिकिटावर वेळ काय आहे?" ट्रक परत गेला. त्यानंतर त्या साइटवर मला कुणी बाई म्हणून वेगळं काही विचारलं नाही. फक्त ट्रक वेळेवर यायला लागले. (काकांना या गोष्टीत रस एकाच मुद्द्यात: परत पाठवलेल्या मालाचे पैसे कोणी भरले?)

सध्या मी हवाईत, पर्ल हार्बरला आहे. सुकी गोदी म्हणजे जहाज आत घ्यायचं, पाणी उपसायचं आणि कोरड्यात दुरुस्ती करायची ती जागा. इथल्या पहिल्या सुक्या गोदीची गोष्ट आम्हा सगळ्यांना तोंडपाठ असते. काम १९०९ला सुरू झालं. तिथे शार्कदेवतेचं घर आहे, खणू नका, असं इथल्या जुन्या माणसांनी सांगितल्याचं म्हणतात. १७ फेब्रुवारी १९१३ला, पाणी उपसत असताना, गोदीचा तळच उसळून फुटला. चार वर्षांची मेहनत पाण्यात. गोदी खुली व्हायला १९१९ उजाडलं.

कारण आपल्याकडे पावसाळ्यात दिसतंच. जमिनीत पुरलेली टाकी रिकामी राहिली तर भुईचं पाणी तिला वर उचलतं. दहा मीटर पाण्याखाली दर चौरस मीटरला दहा टनांचा रेटा खालून येतो. गोदी भरलेली असेपर्यंत तिला भीती नाही. ती रिकामी केल्यावर खरी परीक्षा. आम्ही सुक्या गोदीवाले म्हणजे पाणी नसतानाच पाण्याला घाबरणारी माणसं. इथे आता पाचवी गोदी होतेय, २०२३ला सुमारे २८० कोटी डॉलरचं कंत्राट दिलेली, आणि तिथेही सगळं डोकं या खालच्या रेट्यातच गेलेलं.

काकूंचं निदान वेगळं. "गाऱ्हाणं घातलं नसेल. नारळ ठेवला असता तर फुटली नसती." मी हसले नाही, कारण इथे आजही कामाआधी हवाईयन पद्धतीनं भूमीची प्रार्थना होते आणि आम्ही गणवेशात, टोप्या काढून उभे असतो.

मागच्या रविवारी हे सगळं सविस्तर सांगून झालं. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तळावरचे रस्ते तूच बघतेस ना? मग आपल्या घाटातल्या खड्ड्यांचं तेवढं बघ."

तेवढं माझ्या वॉरंटात बसत नाही.