बुंदीची खातेवही: ४१.६ वरून ३६.४

मार्चचा पहिला रविवार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या मेव्हण्याच्या टॉवेल कारखान्यात गठ्ठे मोजायचा काटा, त्यावर बसलेली आमची कुत्री बुंदी, आणि हमाल मामांची हाळी, "छत्तीस चारशे!" दिवाळीनंतर याच काट्यावर ती ४१ किलो ६०० ग्रॅम भरली होती. सतरा आठवड्यांत ५ किलो २०० ग्रॅम उतरले.

४० किलोचं कुत्रं उचलून घरच्या वजनकाट्यावर उभं राहायचं माझं वय नाही. दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, पोटात काही नसताना, त्याच काट्यावर, पट्टा काढून वजन. काटा बदलला की आकडे बदलतात आणि माणूस स्वतःला फसवतो. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे जमा-नावे लिहायची सवय हाडातच आहे.

बुंदी पाच वर्षांची पिवळी लॅब्रेडॉर. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलेलं. त्यानंतर कुत्र्याची अन्नाची गरज कमी होते, भूक मात्र कमी होत नाही. हे मला चार वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. डॉक्टरांनी पहिल्यांदा थायरॉइडची रक्ततपासणी करायला लावली. ती नॉर्मल आली आणि माझी शेवटची पळवाट बंद झाली. अंगावरच्या चरबीचं १ ते ९ असं माप असतं, ४-५ चांगलं. बुंदीला ८ मिळाले.

त्यांनी शिकवलेली एक खूण रोज वापरतो. हाताची मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं वाळलंय. पंजा सरळ करून वरच्या बाजूने हात फिरवा: बोटांची हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागायला हव्यात. तळव्याच्या बाजूसारखं मऊ लागलं तर जास्त झालंय. बुंदीच्या बरगड्या नोव्हेंबरात शोधूनही सापडत नव्हत्या.

आता खाण्याचं. आम्ही तिला दिवसाला स्टीलचे दोन मग कोरडं खाणं घालायचो, सकाळी मी, संध्याकाळी आई. पहिल्यांदा काट्यावर ठेवलं तर माझा मग १९० ग्रॅम भरला आणि आईचा २३५. मग तोच, हात वेगळा. मगाने मोजणाऱ्यांनी आजच स्वयंपाकघराचा काटा आणा, बाकीचं नंतर वाचा.

डॉक्टरांचा हिशेब सोपा होता. आजचं वजन धरायचं नाही, गाठायचं वजन धरायचं. ३० किलो. त्याला ३० ने गुणून ७० मिळवले की ९७० कॅलरी. त्यातला दहावा हिस्सा वरखाण्याला, म्हणजे खाऊ, काकडी, जे काय असेल ते. आमच्या पिशवीवर १०० ग्रॅमला ३५० कॅलरी लिहिल्यात, म्हणजे उरलेल्या कॅलरींसाठी दिवसाला २५० ग्रॅम. पण एकदम कापायचं नाही म्हणाले, म्हणून पहिला महिना ३२० दिले. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं की पुरे. आमची सरासरी पाऊण टक्क्याची आहे, आणि ती का, ते पुढे येईलच. साधं खाणं फार कापलं तर कुत्र्याला जीवनसत्त्वं, प्रथिनं कमी पडू शकतात, तेव्हा हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करा.

चार आठवड्यांनी ४०.५. मी खूष.

मग आईची भाकरी उघडी पडली. आई चुलीवरून उतरवलेल्या ज्वारीच्या भाकरीचा "नुसता पापुद्रा" बुंदीला टाकते, हे घरात सगळ्यांना माहीत. एक दिवस मी तिला सांगितलं, बुंदीला जेवढं देशील तेवढंच या डब्यातही टाक. रात्री डबा काट्यावर ठेवला. ९४ ग्रॅम. म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी, दिवसाच्या कोट्याचा पाचवा हिस्सा, आणि पापुद्रा म्हणे! आईला मी एक जुना प्रयोगही सांगितला: ४८ लॅब्रेडॉर घेतले, जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला आयुष्यभर पाव हिस्सा कमी खाऊ घातलं. कमी खाणारे साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले. आई म्हणाली, "मग काय, पावणेदोन वर्षं जास्त उपाशी राहिले की रे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तडजोड झाली: भाकरीऐवजी काकडी, गाजर, उकडलेली घेवड्याची शेंग. मीठ-फोडणी काही नाही. कांदा-लसूण कुत्र्याला विषच, म्हणून लसूण घातलेली शेंगाची चटणी लागलेलं बोटसुद्धा नाही.

सहावा आठवडा ४०.१. आठवा आठवडाही ४०.१.

घरात सगळं मोजून होतं. मी काट्याला दोष दिला, हमाल मामांनी मला दिला. मग एका संध्याकाळी बुंदी बाहेरून आली, तिच्या ओठाजवळच्या ओल्या केसांत टोस्टचा चुरा होता आणि त्याला चिकटलेला विडीच्या पानाचा नखाएवढा हिरवट तुकडा. आमच्या गल्लीत दारात सूप घेऊन विड्या वळणारं घर एकच, समोरच्या अक्कांचं. चार वाजता अक्कांचा चहा होतो, त्यात बुडवलेले दोन टोस्ट बुंदीचे. किती दिवस? "पिल्लू होतं तेव्हापासून."

मला टोस्टपेक्षा सुपातल्या तंबाखूची भीती वाटली. तंबाखू कुत्र्याच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं, हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्याच घाबरल्या. सूप आता फळीवर असतं. आणि रोज सकाळी मी त्या २५० ग्रॅममधलेच वीस दाणे मोजून एका डबीत अक्कांकडे देतो. वेगळे नाहीत, कोट्यातलेच. बुंदीला दाणा आणि टोस्ट यातला फरक फारसा वाटत नाही, कुणाच्या तरी हातातून मिळणं महत्त्वाचं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो. बुंदी त्या चौघांतली ती एक, असा माझा संशय आहे.

चालण्याचं थोडक्यात, कारण वजन मुख्यतः ताटातून उतरतं. सुरुवातीला दहा मिनिटं दोनदा, तेवढ्यातही कोपऱ्यावर म्हशीसारखी बसायची. आता सकाळी ३५ मिनिटं, रात्री १५. रविवारी कंबर तलावाकडे. जास्त उपयोग झाला तो कारखान्यातल्या रिजेक्ट टॉवेलचा: संध्याकाळचे दाणे टॉवेलवर पसरायचे, घट्ट गुंडाळी करायची, वर एक गाठ. दोन मिनिटांत संपणारं जेवण पंधरा मिनिटं चालतं. पहिला टॉवेल तिने फाडला, तेव्हापासून गाठ सैल मारतो.

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा असते, त्या आठवड्यात २०० ग्रॅम वाढले, ३९.३ चे ३९.५. भोगीची बाजरीची भाकरी, शेंगापोळी, दारूकामाच्या आवाजाने कॉटखाली बसलेली बुंदी आणि तिची दया येणारे पाहुणे. त्याचा हिशेब लिहिला नाही.

आता उन्हाळा. जाड कुत्र्याला उकाडा लवकर लागतो, म्हणून पहाटे साडेपाचला निघतो. रात्री डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघतो, टेकवत नसेल तर परत घरी. काल रात्री साडेनऊलाही ते कोमट होतं. पुढचं वजन १५ तारखेला.

एक राहिलं. परवा संध्याकाळी अक्कांची डबी परत आली, आत वीसचे वीस दाणे.