घोरण्याचं ऑपरेशन आणि आवाज

स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत घोरताना श्वास अडकण्याच्या आजारासाठी) घशाचं ऑपरेशन ठरलं की गाणारे, शिकवणारे, कीर्तन करणारे आधी आवाजाचं विचारतात. त्यांची काळजी रास्त आहे. या ऑपरेशनात टॉन्सिल काढतात, पडजीभ आणि मऊ टाळूची कड कापतात किंवा शिवून पुढे ओढतात. स्वरतंतू त्याच्या खाली, स्वरयंत्रात असतात. त्यांना हात लागत नाही. म्हणून आवाजाची पट्टी सहसा तीच राहते. बदलतं ते घुमणं, कारण स्वर ज्या पोकळीतून बाहेर येतो तिचा आकार बदललेला असतो.

पहिले काही दिवस आवाज घोगरा असला तर तो बहुधा भूल देताना स्वरतंतूंमधून घातलेल्या नळीमुळे. तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज येतो तो सुजेमुळे. दोनेक आठवड्यांत तो सुटतो. घोगरेपणा तीन आठवड्यांनंतरही टिकला, तर मात्र दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्यावेत.

खरा धोका टाळूचा. क, ट, प म्हणताना मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो. त्याला उचलणारा स्नायू जास्त कापला गेला, तर हवा नाकातून निसटते, बोलणं गेंगाणं होतं आणि पाणी पिताना नाकात येतं. सुरुवातीला हे थोडंफार होतं आणि बहुतेकांचं थांबतं. टिकून राहिलं, तर स्पीच थेरपिस्टकडे जावं. सनई वाजवणाऱ्याला अशी छोटी गळतीही जड जाते, कारण फुंकेचा दाबच टिकत नाही. शिवाय टाळू फार आखूड झाला, तर पुढे सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लावताना हवा तोंडावाटे सुटू लागते. म्हणूनच 1980च्या दशकात रूढ झालेल्या भरपूर कापण्याच्या पद्धतीपेक्षा पडजीभ राखून बाजूचे स्नायू ओढून शिवणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

घरी तपासायचं असेल तर ‘काका, कपाट उघडा’ हे वाक्य एकदा नाक मोकळं ठेवून आणि एकदा चिमटीत धरून म्हणा. यात एकही अनुनासिक नाही, त्यामुळे दोन्ही वेळा सारखंच ऐकू यायला हवं. फरक पडला तर गळती आहे. उलट ‘मामा’ हा ‘बाबा’सारखा ऐकू येऊ लागला, तर नाकामागची वाट सुजेने किंवा व्रणाने अरुंद झाली असावी, महिन्यानंतरही तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

ऑपरेशनच्या आधी, नंतर ज्यावर रेकॉर्ड करणार त्याच फोनवर, तोंडापासून वीतभर अंतरावर, हीच वाक्यं, पाच सेकंद ‘आ’ आणि आपल्या पट्टीतला एक सप्तक रेकॉर्ड करून ठेवा. नंतर तुलनेला दुसरं काहीच हाताशी नसतं. उर्दू गझल गाणाऱ्यांनी ‘क़लम’, ‘ग़म’ हेही घ्यावं: हे उच्चार जिभेचं मूळ पडजिभेपाशी नेऊन होतात. मराठीत ते नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांना तिथला फरक जाणवतही नाही.

पहिले दोन आठवडे खाकरणं आणि ओरडणं टाळा. पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. ताजं लाल रक्त दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. रियाज सर्जनने घसा बघितल्यावरच, आधी मधल्या सप्तकात हलक्या ‘आ’काराने, पाच-पाच मिनिटं.