देवळात दातांचं मोफत शिबिर भरवायचं तर

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, हुक्केरी या बाजूला देवस्थानं, मठ आणि चर्चच्या संस्था गरिबांसाठी दातांची मोफत शिबिरं घेतात. शिबिर संपलं की एकच आकडा सांगितला जातो: किती दात काढले. हा आकडा आम्हाला खटकतो. दात काढायला थोडा वेळ लागतो, पण त्या जखमेची काळजी पुढं आठवडाभर घ्यावी लागते. डॉक्टरांची गाडी संध्याकाळी बेळगावला परतते, देवस्थान मात्र गावातच असतं. म्हणून डॉक्टर यायच्या आधीची तयारी आणि ते गेल्यानंतरची देखरेख हेच संस्थेचं मुख्य काम आहे, असं आमचं ठाम मत आहे.

पहिली गोष्ट तारखेची. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी देवळात आयती गर्दी असते, म्हणून तोच दिवस धरायचा मोह होतो. तो टाळा. उपाशी माणूस इंजेक्शन बघूनच घेरी येऊन पडतो, आणि मधुमेहाची गोळी घेऊन उपवास धरलेल्याची साखर खुर्चीतच उतरू शकते. 'इंजेक्शन आहे म्हणजे काही खायचं नाही' असाही समज असतो. त्यामुळं दवंडीत आणि व्हॉट्सॲपवर स्पष्ट सांगा: नेहमीची न्याहारी करून या, नेहमीच्या गोळ्या खाऊन या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. कुणी भोवळ येऊन पडलाच तर त्याला सपाट आडवं करायचं, पाय वर उचलायचे, भोवतालची गर्दी हटवायची. भाताची लावणी आणि सुगीचे दिवसही नकोत. तेव्हा दुखणं अंगावर काढणारेच जास्त, आणि ज्यांना गरज आहे तेच शेतात असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अवजारांचं. फोर्सेप (दात काढायची पकड), एलेव्हेटर (दात सैल करायचं अवजार), आरसा, प्रोब (दात तपासायची टोकदार सळई) असा एका रुग्णामागं एक संच लागतो. दोन खुर्च्या, प्रत्येकीवर ताशी चार रुग्ण आणि चार तास काम धरलं तर 32 संच झाले. एवढे संच डॉक्टर ज्या दंत कॉलेजातून येतात तिथूनच निर्जंतुक करून, पाकीटबंद आणलेले बरे. टोकनं किती वाटायची हे बाहेरच्या रांगेवर ठरवू नका, आतल्या संचांवर ठरवा. पाकिटं संपली की दात काढणं थांबवायचं, मग रांगेत सरपंच उभे असले तरी.

जागेवर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र) लावायचाच असेल तर हिशेब नीट समजून घ्या. 121 अंश सेल्सियस आणि 15 पौंड दाबाला उघडी अवजारं 15 मिनिटं, पाकिटातली 30 मिनिटं, आणि ही मिनिटं दाब पुरा चढल्यावर मोजायची. तापणं, निवणं, वाळणं धरून एक फेरी तासाच्या पुढं जाते. घाई झाली की कुणीतरी झाकण लवकर उघडतं आणि पाकिटं ओली राहतात. ओल्या कागदातून जंतू पुन्हा आत शिरतात, म्हणजे सगळी फेरी वाया गेली. अवजारं आधी ब्रशनं घासून रक्त काढलं नसेल तर त्या थराखाली वाफ पोचत नाही. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे ते तापलं एवढंच कळतं, आतली अवजारं निर्जंतुक झालीच याची ती खात्री नव्हे. आणि पातेल्यात उकळणं चालणार नाही. उकळत्या पाण्याला दाद न देणारे जंतू असतात, आणि एकाच्या रक्तातली हिपॅटायटिस बी दुसऱ्याला देऊन पुण्य लागत नाही. वीज कंपनीची, म्हणजे हेस्कॉमची, लाईन मध्येच जाते हे गृहीत धरून जनरेटर ठेवा. मांडवाची रोषणाई आणि लाऊडस्पीकर ज्या वायरवर आहेत, त्याच वायरवर ऑटोक्लेव्ह नको.

वापरलेल्या सुया पांढऱ्या टणक डब्यात, रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत. हा कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. देवळामागं जाळू तर मुळीच नका. कॉलेजच्याच गाडीतून परत पाठवायचं आधी ठरवून घ्या.

खुर्चीआधी एक टेबल मांडा. तिथं मराठी आणि कन्नड दोन्ही येणारा माणूस बसवा, कारण डॉक्टर विद्यार्थी कुठलेही असतात आणि आजीला संमतीपत्रावर काय लिहिलंय ते तिच्या भाषेत कळलं पाहिजे. रक्तदाब 180/110 किंवा वर असेल तर त्या दिवशी दात काढायचा नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपण बंद करायला सांगायची नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. जबड्याखाली सूज, गिळायला त्रास, तोंड उघडत नाही, ताप असा माणूस आला तर त्याला टोकन देत बसू नका. लगेच गाडीत घालून बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या. ही सूज श्वास बंद करू शकते.

निपाणीकडं तंबाखूचं पीक, आणि सगळ्याच सीमाभागात बायकांची मिश्री, पुरुषांचा चुना-तंबाखू आणि पोरांचा गुटखा. त्यामुळं दात बघायच्या आधी गालाची आतली बाजू आणि जिभेच्या कडा बघायच्या. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे प्रत्येकाला करून दाखवायला सांगा. जात नसतील तर गाल आतून आखडलाय. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा बाकीचे दात घट्ट असताना एकच दात विनाकारण हलणं, अशा ठिकाणचा दात शिबिरात काढूच नये. खाली कर्करोग असेल तर ती जागा भरत नाही आणि निदान मात्र लांबतं.

शाळकरी पोरांचे छोटे किडके दात विजेशिवायही भरता येतात. कीड हातअवजारानं कोरायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. बहुतेक कंपन्यांचं माप बाटलीसोबतच्या छोट्या चमचाभर पावडरीला द्रावाचा एक थेंब असं असतं. कागदावर अर्ध्या मिनिटाच्या आत घोटून, चकाकी आहे तोवरच दातात दाबायचं. चकाकी गेली की ते चिकटत नाही आणि महिनाभरात निघून येतं. उन्हाळ्यात ते लवकर घट्ट होतं, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर पावडरीच्या गुठळ्या होतात. वरून व्हॅसलीन लावायचं, तासभर खायचं नाही. रात्री आपोआप ठणका लागत असेल तर कीड शिरेपर्यंत गेली आहे, तिथं नुसतं भरून उपयोग नाही.

दात काढलेल्यांची महाप्रसादाची पंगत वेगळी करा: कोमट दहीभात चालेल, गरम आमटी नको. जखमेवरचा गॉज (जाळीदार कापडाची घडी) पाऊण तास दाबून धरायचा, दिवसभर थुंकायचं नाही, तीन दिवस तंबाखू-मिश्री बंद. नेमकं थुंकणंच थांबत नाही, रक्ताची गाठ निघून जाते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हाड उघडं पडून भयंकर ठणका सुरू होतो. म्हणून तिसऱ्या दिवशी भजनी मंडळातल्या कुणीतरी प्रत्येक घरी जाऊन यायलाच हवं. यादीत फोन नंबरासोबत गल्ली आणि घरची खूण लिहा, कारण फोन बहुतेक वेळा मुलाकडं असतो आणि मुलगा पुण्यात किंवा गोव्यात. जखमेत हळद किंवा तंबाखू भरलेली दिसली तर रागावू नका, परत डॉक्टरांकडं पाठवा.

कवळी एका दिवसात होत नाही. जखमा भरायला काही आठवडे, मग चार-पाच फेऱ्या. रेशनकार्ड दारिद्र्यरेषेखालचं असलेल्या म्हाताऱ्यांसाठी कर्नाटक सरकारची दंतभाग्य योजना आहे, तिचे कागद संस्थेनंच जमवून द्यावेत. बेळगावात केएलईचं व्ही. के. आणि मराठा मंडळाचं हलगेकर अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. चिठ्ठीवर विभागाचं नाव आणि वार लिहून द्या, नाहीतर माणूस फाटकावरून परत येतो. कर्नाटकातल्या बायकांना जून 2023 पासून शक्ती योजनेत सरकारी साध्या बसच्या तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आधारकार्ड तेवढं बरोबर हवं. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून आलेल्या बायकांना ते लागू नाही आणि पुरुषांना तर नाहीच. त्यांच्या जाण्यायेण्याचे पैसे मांडवाच्या खर्चातून आधीच बाजूला काढून ठेवा.