'सिओरा' ऐकताना

"मामा, हा वाजवत नाहीये, बोलतोय." जॅझ ट्रंपेटवादक ली मॉर्गनच्या 'कॉर्नब्रेड' या अल्बममधलं 'सिओरा' सुरू होतं. भाची मोबाइल बाजूला ठेवून ऐकत बसली होती.

ट्रंपेट म्हणजे वरातीतला बँड, एवढीच तिची ओळख. इथे तो कसा दमानं येतो, बोसानोव्हाच्या, म्हणजे ब्राझीलच्या संथ डोलणाऱ्या लयीत! मागे हर्बी हॅन्कॉकचा पियानो.

ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९६५चं, न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओतलं. ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीच्या 'टोन पोएट' या पुनर्प्रकाशनांच्या मालिकेसाठी ध्वनितंत्रज्ञ केव्हिन ग्रेनं मूळ टेपवरून ही एलपी मास्टर केली, म्हणजे छपाईसाठी अंतिम ध्वनी तयार केला, मध्ये कुठेही डिजिटल पायरी नाही. महाग आहे. पण ते बोलणं ऐकू येतं ते त्यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

मॉर्गन तेव्हा २७ वर्षांचा होता. ३३व्या वर्षी गेला.

आपल्याकडच्या जुन्या मैफलींच्या मूळ टेप इतक्या निगुतीनं कोण सांभाळतंय?