आखणीचे फोटो : दुसरी खेप

परळच्या गणपतीच्या कारखान्यात रविवारी पुन्हा जाऊन आलो. आखणीचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखतानाचे, २१४ फोटो काढले, ठेवण्यासारखे निघाले ११. पहिल्या खेपेला ४ होते, म्हणजे गाडी हलली म्हणायची.

मागच्या वेळचं खापर मी कॅमेऱ्यावर फोडलं होतं. चूक माझ्या सवयीची होती. वीस वर्षं ब्लॅक अँड व्हाइट रोल वापरलेले. निगेटिव्हवर प्रकाश जरा जास्त पडला तरी ती पोटात घालते, कमी पडला की सावलीत काही उरत नाही. म्हणून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश, द्यायचा, हे बोटांनाच पाठ. डिजिटलचं नेमकं उलटं. पांढरा हात दिलेल्या मूर्ती, डोक्यावर दिवा. सोंडेच्या वळ्या पार जळून गेल्या. जळलेलं पांढरं रॉ फाइलमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीतूनही, परत येत नाही. सावली मात्र दोन स्टॉप सहज उचलता येते. दाणे दिसतात, दिसू देत. या वेळी एक स्टॉप कमीच ठेवला. वळ्या तर आल्याच, पोटावरचे पॉलिश पेपरचे ओरखडेही आले.

दुसरा गोंधळ पट्ट्यांचा. आखणी करताना कारागीर श्वास रोखून बसतो, बुबुळाची कड एका दमात ओढायची असते. तिथे खटॅक आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, शटर १/५०० सेकंद. स्क्रीनवर बघतो तर फोटोभर काळपट पट्टे! आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंदावतात. हे शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं; ज्या ओळींच्या वेळी दिवा मंद, तिथे पट्टा. ४०० एएसएच्या (आयएसओचंच जुनं नाव) रोलवर इथे १/३० च्या वर जाताच यायचं नाही, म्हणून ही भानगड कधी दिसलीच नव्हती.

१/१०० केलं, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचं एक पूर्ण मंदावणं-उजळणं मिळालं; पट्टे गेले. एका फोटोत डावा डोळा पूर्ण, उजवा कोरा आणि कुंचल्याचं टोक पुसट. मला तोच आवडला.

कारागीरकाकांना दाखवला. "मोठा करा जरा," म्हणाले. डाव्या डोळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग कुंचला उचलून मूर्तीवरची ती कड केसभर जाड केली. माझा फोटो तिथल्या तिथे जुना झाला. परत काढला, १/१०० वरच.